बेकर रायफलवरच्या ‘टॉवर’चा खुलासा

जुन्या इंग्रजी चकमकीच्या बंदुकीवर मुकुट, ‘जीआर’ (म्हणजे जॉर्ज राजा) आणि ‘टॉवर’ ही अक्षरं दिसली की ‘ही लंडनच्या टॉवरमध्ये एकाच कारागिराने घडवली’ असं बिनधास्त ठोकून दिलं जातं. तसं नाही. टॉवर हे सरकारी शस्त्रखात्याचं ठाणं होतं. अक्षरं त्या खात्याची, घडणावळ बहुतेकदा बाहेरची.

लंडनचा बंदूक कारागीर इझिकेल बेकर याची रायफल घ्या. 1800 साली लंडनजवळच्या वूलिचमधल्या चाचणीनंतर तिचा नमुना मंजूर झाला. पण पुढच्या हजारो रायफली ठेकेदारांनी, मुख्यतः बर्मिंगहॅमच्या, केल्या. नळी एकाची, चाप दुसऱ्याचा, अक्रोडाचा दस्ता तिसऱ्याचा.

खरी करामत नळीत आहे. लांबी 30 इंच, आत गोळीला फिरकी देणाऱ्या सात पिळदार खाचा, आणि त्या पूर्ण लांबीत जेमतेम पाव फेरा घेतात. पीळ इतका कमी का? दारूची काजळी साचली तरी गोळी ठासता यावी म्हणून. गोळी तेलकट चिंधीत गुंडाळून घालायची. त्या चिंध्यांसाठी दस्त्यात पितळी झाकणाची डबी असे. मला विचाराल तर आधी ते झाकण उघडून बघावं, शिक्का नंतर.

आणि हो, पुढे निव्वळ व्यापारी बंदुकांवरही ‘टॉवर’ सर्रास कोरलं जाई.