लॅटिन क्रियापदाच्या शेवटी येणारा ‘र’ : कर्तरी-कर्मणी भेदाची पार्श्वभूमी

लॅटिन शिकू लागलेल्या विद्यार्थ्याला पहिल्या काही आठवड्यांत एक सोपा नियम मिळतो. ‘लेगो’ म्हणजे ‘मी वाचतो’; त्याला ‘र’ जोडून ‘लेगोर’ केले की अर्थ ‘मी वाचला जातो’ असा होतो. ‘लेगित’ म्हणजे ‘तो वाचतो’ आणि ‘लेगितुर’ म्हणजे ‘ते वाचले जाते’. हा नियम अंगवळणी पडतो न पडतो तोच ‘सेक्वितुर’ समोर येते. त्याच्या शेवटीही तोच ‘र’ आहे, पण अर्थ मात्र ‘तो मागोमाग जातो’ असा सरळ कर्तरी आहे. ‘लोक्वितुर’ म्हणजे ‘तो बोलतो’ आणि ‘मोरितुर’ म्हणजे ‘तो मरतो’. अशा क्रियापदांना पाठ्यपुस्तके ‘डेपोनंट’ म्हणतात आणि अपवाद म्हणून पाठ करायला सांगतात. ती अपवाद का ठरली, हे समजून घेण्यासाठी दोन हजार वर्षांहून अधिक मागे जावे लागते.

इसवी सनापूर्वी १०० च्या सुमारास डायोनिसिअस थ्रॅक्स याच्या नावावर असलेल्या ग्रीक व्याकरणात क्रियापदाच्या तीन अवस्था सांगितल्या आहेत : करणे, सोसणे आणि या दोहोंमधली मध्यम अवस्था, म्हणजे जिथे क्रिया कर्त्याकडेच वळते ती. ग्रीकमध्ये मध्यम अवस्थेची काही रूपे खरोखरच वेगळी होती. रोमन वैयाकरणांनी ही चौकट उचलली, परंतु लॅटिनमध्ये मध्यमाची स्वतंत्र रूपे नसल्यामुळे त्यांना निराळी वाट काढावी लागली. चौथ्या शतकात रोममध्ये शिकवणाऱ्या डोनाटस याने (संत जेरोम हा त्याचाच विद्यार्थी) प्रश्नोत्तरांच्या रूपात लिहिलेल्या छोट्या पुस्तकात ही वाट स्पष्ट दिसते. तो क्रियापदाचे पाच प्रकार सांगतो आणि ते ओळखण्याची कसोटी अर्थावर न ठेवता ‘र’ जोडण्या-काढण्यावर ठेवतो. ‘लेगो’ला ‘र’ जोडता येतो, म्हणून ते कर्तरी. ‘लेगोर’चा ‘र’ काढता येतो, म्हणून ते कर्मणी. ‘स्तो’ म्हणजे ‘मी उभा आहे’, त्याला ‘र’ जोडला तर ते लॅटिन राहत नाही, म्हणून ते तटस्थ. ‘लोक्वोर’चा ‘र’ काढला तर शब्दच उरत नाही, म्हणून ते डेपोनंट; आणि ज्यांत करणे व सोसणे हे दोन्ही अर्थ येतात, ती सामाईक. ‘डेपोनंट’ या शब्दाचा अर्थ ‘खाली ठेवणारे’ असा आहे : या क्रियापदाने कर्मणी अर्थ जणू उतरवून ठेवला आहे, अशी ती समजूत. ‘पॅसिव्ह’ (कर्मणी) हे नाव ज्या ‘पातिओर’ या ‘सोसणे’ अर्थाच्या धातूपासून आले, तो धातू स्वतःच डेपोनंट आहे, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते.

डोनाटसचे पुस्तक युरोपात हजार वर्षांहून अधिक काळ शिकवले गेले. गुटेनबर्गच्या छापखान्यातून निघालेल्या सुरुवातीच्या मुद्रितांतही ते आहे. इंग्लंडमध्ये सोळाव्या शतकात राजाज्ञेने शाळांना नेमून दिलेल्या, लिली याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या व्याकरणात हेच पाच प्रकार कायम राहिले. जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाच्या शाळांसाठी मानुएल आल्व्हारिश याचे लॅटिन व्याकरण १५७२ मध्ये लिस्बनला छापले गेले आणि ते त्यांच्याबरोबर जगभर पोहोचले. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांनी रचलेले आणि त्यांच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये राशोल येथे छापलेले कोकणीचे व्याकरण याच लॅटिन परंपरेच्या चौकटीत घडले आहे.

‘र’ मुळात आला कोठून, हा प्रश्न या परंपरेने विचारलाच नव्हता. तो विचारला गेला संस्कृत युरोपात पोहोचल्यानंतर. जर्मन भाषाशास्त्रज्ञ फ्रान्त्स बॉप याने १८१६ मध्ये संस्कृत क्रियारूपांची ग्रीक, लॅटिन, फारसी आणि जर्मानिक भाषांशी तुलना केली. लॅटिन ‘र’ हा ‘स्वतःला’ या अर्थाच्या ‘से’ या सर्वनामाचा अवशेष असून त्यातील ‘स’चा ‘र’ झाला आहे, असे त्याचे मत होते. ते पटण्यासारखे होते, कारण लॅटिनमध्ये दोन स्वरांमधल्या ‘स’चा ‘र’ होतोच. पण प्राचीन आयरिश भाषेत ‘मागोमाग जातो’ यासाठी ‘सेखिथिर’ असे, म्हणजे ‘सेक्वितुर’चे थेट भावंड शोभणारे रूप होते, आणि त्या भाषेत ‘स’चा ‘र’ होत नाही. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी मध्य आशियातील तोखारी भाषेची पोथीपाने वाचली गेली आणि १९१५ मध्ये बेडरिख ह्रोझ्नी याने आजच्या तुर्कस्तानात पूर्वी बोलल्या जाणाऱ्या हित्ती भाषेचा उलगडा केला. या दोन्ही भाषांत हाच ‘र’ सापडला, आणि तोही मध्यम रूपांत. लॅटिन कर्मणी हे जुन्या मध्यम रूपांतून आले आहे, हे त्यामुळे पक्के झाले.

संस्कृत शिकलेल्या मराठी वाचकाला ही गोष्ट ओळखीची वाटेल. परस्मैपद (‘दुसऱ्यासाठी’) आणि आत्मनेपद (‘स्वतःसाठी’, म्हणजेच मध्यम) असा भेद, आणि पाणिनीच्या ‘भावकर्मणोः’ या सूत्राप्रमाणे कर्मणी व भावे प्रयोगांना आत्मनेपदाचे प्रत्यय, ही रचना याच जुन्या व्यवस्थेचे दुसरे रूप आहे. ‘सेक्वितुर’ला संस्कृतात ‘सचते’ जुळते, ‘मोरितुर’ला ‘म्रियते’, दोन्ही आत्मनेपदी. म्हणजे डेपोनंट क्रियापदांनी काहीही उतरवून ठेवले नव्हते. ती मध्यमाची जुनी रूपे होती आणि कर्मणी अर्थ हाच त्या प्रत्ययांवर नंतर चढला. डेपोनंट धडे पुस्तकाच्या शेवटी ढकलण्याची पद्धत म्हणूनच मला उलटी वाटते.

भूतकाळात तर लॅटिन मराठीच्या आणखी जवळ येते. तेथे ‘र’ नसतो, धातुसाधित आणि ‘असणे’ यांची जोडी असते : ग्रंथ वाचला गेला तर ‘लेक्तुस एस्त’, पत्र वाचले गेले तर ‘लेक्ता एस्त’, कारण लॅटिनमध्ये ग्रंथ पुल्लिंगी आणि पत्र स्त्रीलिंगी आहे. ‘मुलाने ग्रंथ वाचला, मुलाने पोथी वाचली’ म्हणणाऱ्याला हा मेळ शिकवावा लागत नाही. अकर्मक धातूंचे ‘पुग्नातुम एस्त’, म्हणजे ‘लढाई झाली’, हे रूप नपुंसकलिंगी एकवचनात स्थिर राहते, जसे आपल्या भावे प्रयोगातले ‘रामाने रावणाला मारले’.

बोलणाऱ्यांनी मात्र हा गुंता आपल्या परीने केव्हाच सोडवायला घेतला होता. पहिल्या शतकातल्या पेट्रोनिअसच्या कथेत मेजवानीला आलेला एक चिंध्यांचा व्यापारी ‘तू बोलतोस’ यासाठी ‘लोक्वेरिस’ न म्हणता सरळ ‘लोक्विस’ म्हणतो. पुढे लॅटिनपासून निघालेल्या सर्व भाषांतून ‘र’ची कर्मणी रूपे नाहीशी झाली आणि पोर्तुगीज, इटालियन यांत वर्तमानकाळातही जोडीचीच रूपे आली. ‘मोरितुर’च्या जागी इटालियनमध्ये ‘मुओरे’ आले. इकडे संस्कृत ‘म्रियते’च्या जागी प्राकृतात ‘मरइ’ आले होते. आणि त्याचेच आपले ‘मरतो’, ‘मरे’.