घरून धंदा करताय? गुमास्ता म्हणजे जागेची परवानगी नव्हे

मी मुलुंडला आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे आणि गणपती उठले की माझ्याकडे एकच अर्ज यायला लागतो, घरून फराळाच्या ऑर्डर घ्यायच्यात, एनओसी द्या. सोबत गुमास्त्याची, म्हणजे दुकाने-आस्थापना कायद्याखालच्या नोंदीची, प्रिंट, आणि वर म्हणणं असं की सरकारी परमिशन झालीये, आता तुमची फक्त सही राहिलीये. अहो, गुमास्त्याचा आणि जागेच्या वापराचा संबंध नाही. तुम्ही धंदा सुरू केलाय एवढंच तुम्ही त्यात कळवता.

घरात काय चालेल ते ठरतं मुंबई पालिकेच्या डीसीपीआर 2034 वरून, म्हणजे बांधकाम आणि जागेच्या वापराच्या नियमावलीवरून. रहिवासी झोनमध्ये घरगुती व्यवसायाला मुभा आहे पण अटी नीट वाचा. काम घरच्याच माणसांनी करायचं, पगारी माणूस ठेवायचा नाही. बाहेरून बघून इथे काही धंदा चालतो असं वाटता कामा नये, म्हणजे बोर्ड नाही. जे घरात बनतं तेच विकायचं, त्यामुळे तुमच्या चकल्या चालतील पण मशीद बंदरहून ड्रायफ्रूट आणून पाकिटं विकलीत तर ते दुकान झालं. धोकादायक काही नको, शेजाऱ्यांना त्रास नको, यंत्रं घरगुती वापरातलीच. आणि मोटर वापरत असाल तर विजेचा एकूण लोड 0.75 किलोवॅटच्या आत. आमच्या मिक्सरच्या खालचं लेबल उलटं करून वाचलं तर 750 वॅट, झाला की कोटा पूर्ण! भाजणीसाठी एक एचपीची घरघंटी घेतली तर तीही जवळपास तेवढीच.

डॉक्टर, वकील, सीए यांचं वेगळं आहे, राहत्या घरात त्यांना ऑफिस किंवा फक्त ओपीडीचं क्लिनिक मर्यादित जागेत करता येतं.

आता कागद. गुमास्ता पालिकेकडे ऑनलाइन होतो, 2017 च्या कायद्याप्रमाणे 20 पेक्षा कमी कामगार असतील तर (2025 च्या दुरुस्तीआधी ही मर्यादा 10 होती) रजिस्ट्रेशन लागत नाही, फक्त इंटिमेशन, म्हणजे सूचना, द्यायचं, धंदा सुरू केल्यापासून 60 दिवसांच्या आत. आधार, पॅन, फोटो, लाइट बिल तयार ठेवा, घर सासऱ्यांच्या नावावर असेल तर त्यांचं संमतीपत्र पण घेऊन ठेवा, जीएसटीला वगैरे लागतंच. एक चूक मी दरवर्षी बघतो, कामगार किती या रकान्यात लोक उगाच 2 टाकतात, धंदा जरा मोठा दिसावा म्हणून. मग घरचीच माणसं काम करतात हे तुम्ही सोसायटीला कुठल्या तोंडाने सांगणार, तुमच्याच कागदावर दोन नोकर लिहिलेत!

उद्यम, म्हणजे छोट्या उद्योगांचं सरकारी रजिस्ट्रेशन, आधार आणि पॅनवर होतं, फुकट आहे, एजंटला हजार रुपये देऊ नका. खायचा पदार्थ असेल तर एफएसएसएआय, म्हणजे अन्नसुरक्षेची नोंदणी, लागणारच, उलाढाल लहान असेल तर बेसिक रजिस्ट्रेशन, वर्षाला 100 रुपये, 14 आकडी नंबर पाकिटावर छापायचा. जीएसटी मालाला 40 लाखांपर्यंत नाही, पण परराज्यात माल पाठवायला लागलात की आधीच घ्यावं लागू शकतं, तिथे सीएला विचारा.

खरी गंमत बोर्डाची. डीसीपीआर म्हणतो बाहेर काही दिसू नये, जीएसटीचा नियम म्हणतो दारावरच्या बोर्डवर नंबर लावा, आणि करंट अकाउंट उघडायला गेलं की बँक बोर्डाचा फोटो मागते. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना बँकेने दोनदा परत पाठवलं. शेवटी त्यांनी दाराच्या आतल्या बाजूला ए-फोर कागदावर नाव छापून चिकटवलं, खाली गुमास्त्याचा नंबर, त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढला, चाललं. जिन्यात फ्लेक्स मात्र लावू नका, तक्रार तिथूनच सुरू होते.

सोसायटीकडे अर्ज लेखी द्या, तोंडी नको. काय बनवणार, किती वाजेपर्यंत, डिलिव्हरीवाले किती येतील, गॅस किती, हे लिहिलंत तर कमिटीत पाच मिनिटांत विषय संपतो, नाहीतर ठराव पुढच्या मीटिंगवर जातो आणि तोवर दिवाळी होऊन जाते. काही कमिट्या यावर नॉन-ऑक्युपन्सी चार्ज लावतात, ते साफ चूक आहे, तो फ्लॅट भाड्याने दिल्यावर लागतो.

प्रॉपर्टी टॅक्समध्ये 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना जी माफी आहे ती निवासी वापरालाच आहे, म्हणून हॉलचं गोडाऊन करू नका. आणि लाइट बिल बघत जा. घराच्या एका भागात धंदा असला तरी घरगुती दरच लागतो, पण महिन्याला 300 युनिट आणि आदल्या वर्षी 3,600 युनिटच्या आत असाल तर. काकूंचं ऑक्टोबरचं बिल 340 युनिटचं आलं होतं, ओव्हनमुळे. तेव्हापासून नानकटाई बंद आहे.