कागदावर ‘मृग’, जेसॉनमध्ये शून्य

नागपूरला कळमन्याच्या बाजारात संत्र्याचा लॉट आला की आधी बहार विचारतात. आंबिया की मृग? हिवाळ्याच्या शेवटी फुललेला आंबिया दिवाळीच्या आगेमागे येतो, पावसाच्या तोंडी फुललेला मृग फेब्रुवारी-मार्चात. खरेदीच्या सॉफ्टवेअरमध्ये हे लिहायचं तर प्रोग्रामर एनमच करणार: ठरलेल्या नावांपैकी एक, बाकी काही चालणार नाही.

असंच एक काम आमच्या ऑफिसात होतं. स्वॅगर म्हणजे सर्व्हरशी कसं बोलायचं ते सांगणारं, कोडातून आपोआप बनणारं माहितीपान, आमचा ‘कागद’. त्यावर ‘मृग’, ‘आंबिया’ अशी नावं दिसत. सर्व्हर मात्र जेसॉनमध्ये, म्हणजे प्रोग्राम एकमेकांना माहिती पाठवतात त्या मजकुराच्या साच्यात, ० आणि १ देई. मोबाइलवाले पोट्टे पान वाचून नावं पाठवत, आणि उत्तरातले आकडे त्यांनी निमूटपणे आपल्या कोडात जुळवून घेतले होते. मग आम्ही मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेट कोअर ३.० या प्लॅटफॉर्मवर गेलो आणि नावं पाठवणाऱ्या प्रत्येक फोनला ४००, म्हणजे ‘विनंतीच चुकीची’ असा एरर, मिळू लागला.

याचं मूळ बरंच मागे आहे. सी भाषेत एनमची नावं माणसासाठी असतात. कंपायलरच्या लेखी तो पूर्णांक. डॉटनेटच्या सी शार्प भाषेने तीच रीत उचलली: वेगळं सांगितलं नाही तर मोजणी शून्यापासून. (शून्य मैलाच्या गावात यात खटकण्यासारखं काही नाही.) जावात एनम २००४ साली आला तो मात्र पूर्ण ऑब्जेक्ट म्हणून. त्यामुळे जावातली जेसॉन लिहिणारी-वाचणारी जॅक्सन लायब्ररी आपणहून नाव लिहिते, तर डॉटनेटमधली न्यूटनसॉफ्ट आकडा.

जेसॉनकडे दाद मागावी तर तिथे एनम हा प्रकारच नाही. स्ट्रिंग, संख्या, खरं-खोटं, नल, ऑब्जेक्ट, ॲरे. २००६ च्या आरएफसीत (इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज) एवढंच होतं, २०१७ च्या आरएफसीतही एवढंच आहे. निर्णय ज्याच्या त्याच्या लायब्ररीवर सोडलेला.

आकडा सुटसुटीत खरा, पण ठिसूळ. आमच्यात एकाने ‘हस्त’ बहार जोडला, तोही पंचांगाप्रमाणे नीट मृग आणि आंबियाच्या मधे. आंबियाचा १ होता, तो २ झाला. जुन्या ॲपला हस्ताचा माल आंबिया दिसू लागला. कुठेही एरर नाही!

आता कागदाची बाजू. स्वॅगर २०११ मध्ये वर्डनिक या ऑनलाइन शब्दकोशाच्या कंपनीतून बाहेर आलं. २०१५ मध्ये त्याचा विनिर्देश लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली गेला आणि २०१६ पासून त्या विनिर्देशाचं नाव ओपनएपीआय झालं. त्यात ‘एनम’ हा शब्द आहे, पण तो जेसॉनचा आकार सांगणाऱ्या जेसॉन स्कीमातून आलेला: चालणाऱ्या किमतींची नुसती यादी. ०, १, २ लिहिलं तर त्यांची नावं सांगायला जागाच नाही. म्हणून प्रत्येक टूलने ‘एक्स-’ने सुरू होणारी आपापली जोड काढली, आणि त्याही एकसारख्या नाहीत.

खरी गोम मात्र अशी की हा कागद तयार करणारा आणि जेसॉन लिहिणारा, दोघेही तोच कोड वाचतात, पण एकमेकांना विचारत नाहीत. डॉटनेटमध्ये स्वॅगरचं पान बनवणाऱ्या स्वॅशबकलच्या जुन्या आवृत्त्यांत ‘सगळे एनम स्ट्रिंग म्हणून दाखव’ अशी सेटिंग होती. ती फक्त कागद बदलायची. सीरियलायझरला, म्हणजे जेसॉन लिहिणाऱ्याला, तिचा पत्ता नसे. आमच्याकडे तीच लावलेली होती. न्यूटनसॉफ्ट आकडा लिहिते, पण वाचताना नावही चालवून घेते, म्हणून ही विसंगती इतके दिवस झाकून राहिली. २०१९ च्या डॉटनेट कोअर ३.० बरोबर आलेली सिस्टिम डॉट टेक्स्ट डॉट जेसॉन ही लायब्ररी कडक निघाली: नाव आणि आकडा यांची अदलाबदल करणारा कन्व्हर्टर लावला नसेल तर नाव घेतच नाही.

स्वॅशबकलच्या पाचव्या आवृत्तीने ती सेटिंग कालबाह्य ठरवली. आता सीरियलायझरची सेटिंग पाहूनच कागद बनतो. माझ्या मते हीच रीत पहिल्यापासून हवी होती. खाचखळगे उरलेच. न्यूटनसॉफ्ट ठेवायची तर स्वॅशबकलचं वेगळं पॅकेज लागतं, नाहीतर कागद भलत्याच लायब्ररीचा नियम सांगतो. मिनिमल एपीआय आणि कंट्रोलर या सर्व्हर लिहिण्याच्या दोन पद्धती, त्यांच्या जेसॉन सेटिंग वेगवेगळ्या. एकीकडे कन्व्हर्टर लावून दुसरीकडे विसरणारे मी कितीतरी पाहिलेत. एनमच्या सदस्याला जेसॉनपुरतं वेगळं नाव देणारं ॲट्रिब्यूट (कोडावर लावायची खूण) सिस्टिम डॉट टेक्स्ट डॉट जेसॉनमध्ये यायला २०२४ चं डॉटनेट ९ उजाडलं. त्याच डॉटनेट ९ च्या प्रोजेक्ट टेम्प्लेटमधून स्वॅशबकल गेलं आणि मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं ओपनएपीआय पॅकेज आलं. तेही कन्व्हर्टर नसलेला एनम नुसता ‘पूर्णांक’ म्हणून दाखवतं.

आम्ही शेवटी कन्व्हर्टर थेट एनमच्याच डोक्यावर लावला, म्हणजे कागद बनवणारा आणि जेसॉन लिहिणारा दोघांनाही तो दिसतो, आणि मृग ०, आंबिया १, हस्त २ असे आकडे उघड लिहून दिले. तो कन्व्हर्टर, मुद्दाम बंद केलं नाही तर, येणारे आकडेही स्वीकारतो. वजनकाट्यावरचा जुना प्रोग्राम आजही मृगाच्या लॉटला ० पाठवतो आणि सर्व्हर तो घेतो. स्वॅगरच्या पानावर त्याचा उल्लेख नाही.