नाणी, जनुके आणि पीक-कापणी: गणितज्ञांच्या आंतरविद्याशाखीय वाटेची पार्श्वभूमी

दुसऱ्या शास्त्रातला प्रश्न गणितज्ञाने घ्यावा का, ही चर्चा आज नवी वाटते; पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात ती ऐंशी वर्षांपूर्वीच कृतीत उतरली होती. तिथे गणित शिकवणारे, मूळचे गोव्याचे दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९४० च्या दशकात गुणसूत्रावर, म्हणजे जनुके ज्यावर ओळीने असतात त्या धाग्यावर, दोन जनुकांमधले अंतर काढण्याचे सूत्र दिले. दोन जनुकांची फेरजुळणी (पालकांत नसलेली नवी जोडी) २० टक्के संततीत दिसली, तर ब्रिटिश जनुकशास्त्रज्ञ हाल्डेन यांच्या १९१९ च्या सूत्राने अंतर २५.५ सेंटिमॉर्गन (या अंतराचे एकक) येते, कोसंबींच्या सूत्राने २१.२. फेरजुळणी होते ती गुणसूत्रांच्या जोडीत तुकड्यांची अदलाबदल झाल्याने; हाल्डेन अशी प्रत्येक अदलाबदल स्वतंत्र धरतात. प्रत्यक्षात एकीच्या शेजारी दुसरी सहसा होत नाही, आणि कोसंबींनी नेमके तेच हिशेबात घेतले. पिकांचे जनुकीय नकाशे करताना आजही या दोहोंतले एक सूत्र निवडावे लागते. हेच कोसंबी प्राचीन आहत (ठसे ठोकून केलेली) नाणी काट्यावर तोलत. वापराने नाणे झिजते, म्हणून सरासरी वजनावरून नाण्यांचा काळक्रम लागतो. झीज खरोखर अशीच होते का, हे पाहायला त्यांनी चलनातली नाणीही तोलली.

साताऱ्याकडच्या बुधचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे फर्ग्युसनमध्येच शिकले. १९३६ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातून संख्याशास्त्रात पीएचडी करून ते शेतीच्या प्रश्नाकडे वळले. उत्पन्न अजमावायला शेताचा एक तुकडा आखून कापतात; हा पीक-कापणीचा तुकडा लहान घेतला की उत्पन्नाचा अंदाज फुगतो, हे त्यांनी दाखवले. रेषेवरची रोपे आत धरण्याकडे कापणाऱ्याचा कल असतो, आणि वर्तुळाची त्रिज्या निम्मी केली की क्षेत्रफळाच्या मानाने परीघ दुप्पट होतो. यावरून संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिसांशी त्यांचा वाद गाजला. ही चूक सिद्धान्तात दिसत नव्हती. शेतात दोर धरून मोजताना दिसली.

संस्थांची चौकट हळूहळू आली. कोलकात्यात १९३१ मध्ये भारतीय सांख्यिकी संस्था उभी राहिली, १९५९ च्या कायद्याने तिला पदव्या देता येऊ लागल्या. १९८३ मध्ये अणुऊर्जा विभागाने राष्ट्रीय उच्चतर गणित मंडळ नेमले. पीएचडीसाठी त्याची शिष्यवृत्ती मिळते. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत तर गणिताचा आंतरविद्याशाखीय पीएचडी कार्यक्रमच आहे.

कोसंबींकडे पीएचडी नव्हती. आता अशा संशोधनाला ती बहुधा लागतेच. नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून मिळणारी जेआरएफ (कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती) पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये, पुढे ४२,०००, एकूण पाच वर्षे. दुसऱ्या शास्त्राची भाषा शिकण्यातच पहिले वर्ष सरते, म्हणून पाचव्या वर्षानंतर पैसे कुठून येणार हे प्रवेशाआधीच विचारावे. पदवी कोणत्या विभागाची, हेही. दोन मार्गदर्शकांपैकी एकाला प्रमेय हवे असते, दुसऱ्याला विदेतून (गोळा केलेल्या आकडेवारीतून) निघणारे उत्तर. काय झाले म्हणजे प्रबंध पुरा धरायचा, हे दोघांनी पहिल्याच सत्रात लिहून दिले नाही तर विद्यार्थी मध्येच लटकतो.