बसबार: तांब्याची पट्टी, नळी आणि वेणी

शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एखाद्या फाउंड्रीत गेलेल्या माणसाचे लक्ष भट्टीतल्या लालबुंद रसाकडे जाते. त्या भट्टीला वीज पुरवणाऱ्या पॅनेलचे दार उघडून पाहतो तो फक्त वायरमन. दाराआड लाल, पिवळ्या आणि निळ्या स्लीव्ह चढवलेल्या तांब्याच्या जाड पट्ट्या इन्सुलेटरवर घट्ट बसवलेल्या असतात. मुख्य पुरवठा या पट्ट्यांवर येतो आणि तिथून निरनिराळ्या यंत्रांना वाटला जातो. यांनाच बसबार म्हणतात. ‘सर्वांसाठी’ या अर्थाचा ‘ऑम्निबस’ हा लॅटिन शब्द या नावाच्या मुळाशी आहे, त्यामुळे रस्त्यावरच्या बसशीही त्याचे नाते आहेच.

सर्वांत जास्त वापर सपाट पट्टीचा होतो. 50 मिलिमीटर रुंद आणि 10 मिलिमीटर जाड पट्टीचे वजन मीटरला सुमारे साडेचार किलो भरते. तेवढ्याच तांब्याचा गोल गज केला, तर त्याचा घेर पट्टीच्या दोन तृतीयांशच भरतो, म्हणून पट्टी हवेत उष्णता अधिक सहज सोडते. शिवाय प्रत्यावर्ती प्रवाह वाहकाच्या बाहेरच्या थराकडे सरकतो. 50 हर्ट्झला तांब्यात या थराची जाडी साधारण 9 मिलिमीटर असते. त्यामुळे एक अवजड पट्टी घालण्यापेक्षा मध्ये फट ठेवून दोन पट्ट्या जोडीने लावणे शहाणपणाचे.

भट्टीच्या बाजूला हेच गणित बदलते. इंडक्शन भट्टी 500 हर्ट्झवर चालत असेल, तर हा थर जेमतेम 3 मिलिमीटरचा उरतो आणि भरीव पट्टीच्या पोटातले तांबे जवळजवळ फुकट जाते. म्हणून तिथे तांब्याची नळीच वापरतात, आणि रिकाम्या पोटातून थंड पाणी खेळवतात. मात्र नळकामाची तांब्याची नळी इथे चालवून घेऊ नये: तिच्यात सहसा फॉस्फरस असतो, आणि टक्क्याच्या काही शतांशांइतक्या फॉस्फरसनेही वाहकता चांगलीच घटते. बसबारचे तांबे किमान 99.9 टक्के शुद्ध लागते.

सांध्यांवर बहुधा कथलाचा मुलामा असतो. घरच्या पितळी पातेल्याला कल्हई करतात, त्याच धातूचा. उघड्या तांब्याला ॲल्युमिनियम थेट जोडले आणि पावसाळी दमट हवा लागली, तर ॲल्युमिनियम झिजत जाते, सांधा तापू लागतो. आधारही भक्कम हवेत, कारण 10 सेंटिमीटर अंतरावरच्या दोन पट्ट्यांतून शॉर्टसर्किटच्या क्षणी 50,000 अँपिअर गेले, तर दर मीटरला सुमारे 500 किलो वजनाइतका धक्का बसतो.

याउलट काही ठिकाणी ताठरपणाच नडतो. तीन मीटरची पट्टी 50 अंशांनी तापली की अडीच मिलिमीटर लांबते, आणि ट्रान्सफॉर्मरची थरथर त्यात भर घालते. अशा जागी पातळ पत्र्यांची चळत किंवा बारीक तारांची विणलेली वेणी जोडतात, म्हणजे ओढ बोल्टवर न येता वेणीवर येते.