फझ पेडलची मंडल-उकल
गिटारचा स्वर मुद्दाम फाटका व खरखरीत करणाऱ्या जुन्या पेडलचा (पायाने चालू-बंद करण्याच्या छोट्या पेटीचा) आराखडा हाती नसताना प्रत्यक्ष संचावरून त्याचे विद्युत् मंडल काढण्याची पद्धत. नाशिकच्या सातपूर व अंबड औद्योगिक वसाहतींतील नियंत्रण-कार्डे दुरुस्त करणाऱ्या कारागिरांना ती परिचयाची आहे. आयात यंत्रांसोबत आराखडा क्वचितच येतो.

पहिले व्यापारी फझ पेडल म्हणून सामान्यतः माएस्ट्रो फझ-टोन (1962) याचा उल्लेख होतो. नंतरच्या दोन ब्रिटिश संचांच्या अग्रक्रमाविषयी मात्र मतभेद आहेत. आर्बिटर कंपनीचा फझ फेस (1966) आणि सोला साउंडच्या टोन बेंडरची दोन ट्रँझिस्टरांची आवृत्ती (सु. 1966) उघडून पाहता मंडले जवळजवळ एकच निघतात : दोन पीएनपी (एक ध्रुवता-प्रकार) जर्मेनियम ट्रँझिस्टर (बेस, एमिटर व कलेक्टर अशी तीन टोके असलेले वर्धक घटक) आणि दुसऱ्याच्या एमिटरपासून पहिल्याच्या बेसकडे 100 किलोओहमचा पुनःप्रदाय (संकेताचा काही भाग मागे वळवणारी जोडणी). टोन बेंडर किंचित आधीचा, हे मत अधिक ग्राह्य दिसते. तथापि दोन्ही एखाद्या सामाईक पाठ्यमंडलावरून निघाले असणेही शक्य आहे. अमेरिकी संचांत बदलत्या रोधकावरील अंक कालनिर्णयास उपयोगी पडतात. उदा. 1377125 मध्ये 137 म्हणजे सीटीएस कंपनी, 71 म्हणजे 1971 साल व 25 म्हणजे 25वा आठवडा. अर्थात यावरून संच त्याआधीचा नाही एवढेच ठरते.

घटक बसवलेल्या मंडल-पाटीच्या दोन्ही बाजूंची छायाचित्रे घेऊन तांब्याची बाजू उलटी करून एकमेकींवर ठेवतात व मल्टिमीटरच्या बीपने जोडण्या पडताळतात. पाटीवरच मोजलेला रोध समांतर मार्गांमुळे कमी भरतो, म्हणून रोधकाचा एक पाय सोडवावा लागतो. जुने कार्बन-मिश्रणाचे रोधक वयानुसार वर सरकतात. तेव्हा मापापेक्षा रंगपट्ट्यांवर भिस्त ठेवणे बरे. क्लॉन सेंटॉर या पेडलच्या पाटीवर घटक झाकणारा इपॉक्सी (घट्ट होणारी राळ) ओतलेला होता, तरी त्याची उकल झालीच.

खरी अडचण जर्मेनियम ट्रँझिस्टरांच्या गळतीप्रवाहाची, म्हणजे बेसला काही न देताही वाहणाऱ्या प्रवाहाची. बेसला सु. 4 मायक्रोॲम्पिअर देऊन मोजताना 100 मायक्रोॲम्पिअर गळती असेल, तर वर्धनांक (बेस-प्रवाह किती पट वाढतो तो आकडा) 25ने फुगून दिसतो. म्हणून आधी बेस मोकळा ठेवून गळती मोजतात व ती वजा करतात. ही गळती साधारण दर 10° से. वाढीला दुप्पट होते. नाशिकचा मे महिना 40° से.च्या आसपास जातो आणि हिवाळ्यातल्या पहाटे पारा 10° से.पर्यंत उतरतो, म्हणजे एकाच ट्रँझिस्टरच्या गळतीत सु. आठपट फरक. मापांसोबत तापमान न नोंदलेला आराखडा या बाबतीत अपुराच. फझ फेसची प्रतिकृती करताना दुसऱ्या ट्रँझिस्टरच्या 8.2 किलोओहम कलेक्टर-रोधकाऐवजी बदलता रोधक बसवून कलेक्टरवर सु. 4.5 व्होल्ट (पीएनपी संचात ऋण) जुळवतात.