पार्श्वभूमी : दिव्यांग मुलांचं विज्ञान आणि चित्रांचा आधार

सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. पुढे ते राज्याच्या पुस्तकांत आले आणि २०२० साली गुरुजींना ग्लोबल टीचर प्राइज मिळालं. मोबाइल धरला की धड्याचा व्हिडिओ सुरू. मात्र खाली मजकूर किंवा शेजारी सांकेतिक भाषा नसेल, तर कर्णबधिर मुलीचा अर्धा धडा तिथेच गळतो.

ही उणीव जुनी आहे. १८८० मध्ये इटलीतल्या मिलान इथे भरलेल्या शिक्षकांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने कर्णबधिरांच्या शाळांतून खुणांची भाषा हद्दपार करून बोलण्यावर भर देण्याचा ठराव केला. जगभर तीच रीत रुजली. मुंबईतली कर्णबधिरांची शाळा १८८५ ची, म्हणजे त्याच काळातली. ओठ वाचायला आणि उच्चार घडवायला वर्षानुवर्षं जायची, विज्ञान मागे पडायचं. दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र उभं राहिलं ते थेट २०१५ मध्ये. त्याचा शब्दकोश २०२१ मध्ये १० हजार शब्दांवर पोचला.

वर्गात गोष्ट साधी असते. बाई फळ्याकडे तोंड करून हृदयाचे कप्पे काढता काढता बोलतात, तेव्हा त्यांचे ओठ मुलांना दिसतच नाहीत. आकृती आणि खुणा एकाच वेळी बघता येत नाहीत. आधी आकृती नीट बघू द्यायची, मग थांबून खुणांनी समजवायचं. एवढ्यानेही खूप फरक पडतो.

अल्पदृष्टी मुलांना मोठं, ठळक, काळ्यावर पिवळं चित्र लागतं. पूर्ण अंध मुलांसाठी चित्र बोटांना कळायला हवं. सोलापुरात सुताला तोटा नाही. पुठ्ठ्यावर जाड सूत चिकटवून जास्वंदीचा उभा छेद काढा, पाकळीला कापड लावा आणि शेजारी खरं फूल ठेवा. मूल पुंकेसर स्वतः शोधतं.

राज्य मंडळाने दहावीला दिव्यांग विद्यार्थ्यांना विज्ञानाऐवजी शरीरशास्त्र, आरोग्यशास्त्र व गृहविज्ञान घेण्याची मुभा दिली. तिची गरज असलेली मुलं आहेत, ती राहावीच. पण साधनं नाहीत म्हणून आठवीतच ‘तुझं विज्ञान सोडू या’ असं ठरत असेल, तर तो अन्याय आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने लक्षणीय (म्हणजे किमान ४० टक्के) दिव्यांगत्व असलेल्या मुलांना अठराव्या वर्षापर्यंत पुस्तकं, शैक्षणिक साहित्य आणि साहाय्यक उपकरणं मोफत देण्याची जबाबदारी शासनावर टाकलेली आहे. पालकांनी ती शाळेकडे हक्काने मागावीत.